आजोळच्या वाड्याच्या फळ्या : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या नाशकातला आमचा आजोळचा वाडा गेल्या महिन्यात उतरवला. मागची भिंत दोन पावसाळे टेकूवर उभी होती, तिसरा तिने काढला नसता. मामाचा फोन आला, "अगं, दगड-विटा कंत्राटदार नेतोय, लाकूडही त्यालाच जाणार. तुला त्यातलं काही हवं असेल तर रविवारपर्यंत उचल." आज सकाळी छोटा टेम्पो केला आणि जमलं तेवढं इंदिरानगरला आणून पार्किंगच्या कोपऱ्यात रचलं.

आलेला माल: कडीपाटाच्या (कड्या म्हणजे आडव्या तुळया आणि त्यांच्यावर फळ्या, असं छत) १४ फळ्या, जिन्याच्या ५ पायऱ्या आणि माजघराचा उंबरठा. सगळं सागवान. कड्या बारा फुटी होत्या, टेम्पोत मावल्या नाहीत. त्या गेल्याची हळहळ अजून जात नाही.

काय करायचं ते ठरलेलं आहे. ताईची मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल, तिच्यासाठी अभ्यासाचं टेबल. चार फूट बाय दोन फूट, वरचा भाग तयार झाल्यावर २२ मिमी जाड.

मी अंबडला कारखान्यात क्वालिटीत काम करते, त्यामुळे व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, घरातही असतो. चौदाही फळ्या चार-चार ठिकाणी मोजल्या. ३१ ते ३३ मिमी भरल्या, म्हणजे सुताराच्या भाषेत दहा सूत. यातून २२ वजा केले तर हाताशी नऊ-दहा मिमी राहतात, तेही दोन्ही बाजू मिळून. काजळी, माती, उन्हाने मेलेला थर, बाक, पीळ, सगळं एवढ्यातच भागवायचं आहे. म्हणून ही वही. कुठल्या कामात किती मिमी गेले ते लिहीत जाणार.

१८ जानेवारी, शनिवार

आज काहीच काढलं नाही, फक्त बघितलं. एकेक फळी उन्हात आडवी ठेवून दोन्ही बाजू पाहिल्या. "झिजलेली, मळलेली फळी" असं आपण सरसकट म्हणतो, पण या चौदा फळ्यांवर चार निरनिराळ्या गोष्टी झाल्या आहेत.

स्वयंपाकघरावरच्या पाच फळ्यांची खालची बाजू चुलीच्या धुराने काळी आहे. बोट फिरवलं की चिकट लागतं. त्याच फळ्यांची वरची बाजू मातीची. कडीपाटावर माती पसरून, चोपून, वर शेणाने सारवून माडीची जमीन करायचे. ती माती इतकी वर्षं फळीला चिकटून आहे आणि तिच्यातली रेती लाकडाच्या रंध्रांत रुतली आहे. चौकाकडच्या चार फळ्यांना ऊन आणि पावसाची झड लागायची, त्या राखाडी झाल्या आहेत. पृष्ठभागावर बारीक लव आलेली आहे आणि रेषा उठून दिसतात, कारण वर्तुळातला मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण भाग उंच राहतो. उरलेल्या पाच आतल्या खोल्यांच्या. त्यांच्यावर फक्त धूळ आणि चुन्याचे शिंतोडे.

राखाडी फळ्यांची सगळ्यांत जास्त भीती होती, त्या कुजल्या असाव्यात असं वाटत होतं. कोपऱ्यात धारदार पटाशीने एक पातळ सालपट काढलं. व्हर्नियरवर ०.३ मिमी. खाली सोनेरी लाकूड आणि तो चामड्यासारखा सागाचा वास. उन्हातली अतिनील किरणं लाकडात मिलिमीटरच्या फार छोट्या अंशापर्यंतच शिरतात. तिथलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, मोडतं आणि पावसाने धुऊन जातं. मागे राहतात ते करडे तंतू. खालच्या लाकडाला त्याची झळ लागलेली नसते.

फळ्यांच्या कडा मात्र तपासायला हव्यात. सहा फळ्यांना एका कडेला पांढरं लाकूड आहे, सालीकडचं. त्यात भुंग्याने भोकं पाडून पीठ केलं आहे. गाभ्याच्या लाकडाला त्याने तोंड लावलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

माती काढली. आधी कोरडी, लाकडी पट्टीने खरवडून, मग काथ्याच्या ब्रशने, शेवटी ओल्या फडक्याने. लोखंडी तारेचा ब्रश घरात होता, तो मुद्दाम वापरला नाही. त्याच्या तारांचे तुकडे लाकडात राहतात आणि ओल लागली की प्रत्येक तुकड्याभोवती काळा ठिपका येतो. रुतलेल्या रेतीसाठी पितळी तारांचा ब्रश आणला.

हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येणार नाही. रेतीचा एक कण रंध्याच्या पात्याखाली आला तर पातं गेलं. सागाच्या लाकडात मुळातच सिलिका असते, धार लवकर बोथट होते. त्यात वरून रेती कशाला.

आज गेलेली जाडी: शून्य.

२६ जानेवारी, रविवार

दिवसभर खिळे. जुन्या लाऊडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवलं. जिथे ओढ लागली तिथे खडूने गोल. एकूण ८३ गोल झाले.

यातले बरेच जुने, हाताने घडवलेले चौकोनी खिळे आहेत, डोक्याकडे जाड आणि टोकाकडे निमुळते. त्यांना अंबुराने, म्हणजे खिळे ओढायच्या पकडीने, सरळ ओढलं की डोकं तुटून हातात येतं आणि दांडा आत राहतो. तिसरा तुटल्यावर थांबले. फळी पालथी घालून टोकाकडून हलकेच ठोकलं तर निमुळता असल्यामुळे तो पटकन सैल होतो आणि वर येतो, मग अंबूर. जे गंजाने घट्ट धरले होते त्यांच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवलं. लोखंड तापून फुगतं, थंड होताना आक्रसतं आणि गंजाची पकड सुटते. कारखान्यात अडकलेल्या बोल्टला आम्ही हेच करतो.

तुटलेल्या दांड्यांसाठी आठ मिमीच्या पोलादी नळीच्या तोंडाला कानशीने दात पाडले. ती ड्रिलला लावून खिळ्याभोवतीचं लाकूड कोरून काढलं आणि खिळा मधल्या लाकडासकट बाहेर आला. ती भोकं नंतर सागाच्याच खुंटीने बुजवायची.

७९ निघाले. चार राहिले, त्यांच्यावर लाल खडू.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्याकडून एक फळी खराब झाली.

काजळीच्या पाच फळ्यांसाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला. चुलीमागची भिंत आई अशीच धुवायची. क्रमांक ३ च्या फळीवर ओतला, ब्रशने घासलं, काजळी भराभर सुटली, मला आनंद झाला. पाणी वाळल्यावर फळी गडद तपकिरी, काही ठिकाणी काळपट. सागातल्या द्रव्यांचा क्षाराशी संयोग होऊन रंग गडद होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. पाणी डोक्याच्या बाजूने, म्हणजे फळीच्या कापलेल्या टोकाकडून, खोल शिरलं. तिथे लांबीत जाणाऱ्या रंध्रांची तोंडं उघडी असतात.

नंतर मोजलं. फळीच्या तोंडावर डाग ०.६ मिमीपर्यंत, दोन्ही टोकांना मात्र जवळजवळ दोन इंच आत. म्हणजे लांबीतले चार इंच गेले.

उरलेल्या चार काजळीच्या फळ्यांना पाणी न लावता पद्धत बदलली. आधी कोरड्या फडक्याने सैल काजळी, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडणं. आजोबांच्या ओळखीचे सुतार असंच करायचे, काच घेऊन ओसरीवर बसायचे, ते मला आठवतं. काच नवी असते तोपर्यंत तिच्यासारखी धार नाही. हातात चामड्याचे मोजे, डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क. एका फळीला पाऊण तास लागला आणि जाडी ०.२ ते ०.३ मिमीहून जास्त गेली नाही. सोड्याने वाचलेला वेळ या हिशोबात कुठेच बसत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिन्याच्या पायऱ्या. यांच्यावर ऑइलपेंट आहे, पण फक्त दोन्ही बाजूंना. मधे जिथे पाय पडत होता तिथे रंग केव्हाच गेला आणि लाकूड झिजून खोलगट झालं. सरळ पट्टी आडवी ठेवून मोजलं, सगळ्यांत जास्त ७ मिमी. खोलगटपणा मध्यावर नाही, भिंतीच्या उलट बाजूला सरकलेला आहे. भिंतीला खांदा लागू नये म्हणून माणसं थोडी इकडून चढायची.

रंगाचे तीन थर: वर तपकिरी, मग हिरवा, खाली काळपट लाल. हा रंग घासायचा नाही आणि तापवायचाही नाही हे आधीच ठरवलं होतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. या जिन्याचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडं घासलं तर शिशाची धूळ उडते, ज्वाळेने तापवलं तर वाफ होते, आणि दोन्हींचा सगळ्यांत जास्त धोका लहान मुलांना. ज्या टेबलावर भाची बसणार त्याच्या कामात ही धूळ घरभर करायची नाही.

म्हणून: खाली प्लास्टिक, पंखा बंद, बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क, स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब. पाणी मारायचं, पाच मिनिटं थांबायचं, जुन्या करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खरवडायचं. रंग ओल्या भुशासारखा गोळा होतो, उडत नाही. सगळं फडक्याने टिपून पिशवीत. पिशवीवर कागद चिकटवला आणि घातक कचरा म्हणून वेगळी ठेवली, घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकली नाही.

आईने खाली येऊन तुकडे बघितले. "बंबाला चालतील की गं हे." रंगाचे तुकडे बंबात घालायचे नाहीत, हे तिला सांगितलं. बिनरंगाच्या ढलप्यांची वेगळी गोणी भरून दिली.

कामाचे कपडे पार्किंगमध्येच काढून वेगळे धुतले.

९ फेब्रुवारी, रविवार

पाचही पायऱ्या रंगमुक्त. खोलगट भाग तसाच आहे. तो सपाट करायचा तर सात मिमी तासावे लागतील, म्हणजे त्या पायऱ्या पायऱ्या राहणार नाहीत, साध्या फळ्या होतील. अजून ठरवलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुतारकाका आले. सत्तरीच्या पुढचे आहेत, आता नेहमीचं काम घेत नाहीत, पण लाकूड जुनं सागवान आहे म्हटल्यावर आले. सोबत त्यांचा लाकडी रंधा, हाताच्या घामाने काळा झालेला.

मी फळ्यांची यादी, जाडी, सगळं वहीत दाखवलं. त्यांनी वही बघितली, मान हलवली आणि एक फळी डोळ्यासमोर धरली. मग तिच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, खाली वाकून, एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे पाहिलं. "ताई, हिला पीळ आहे. तुम्ही जाडी मोजली, पीळ नाही मोजला."

मोजला. साडेसहा फुटात ५ मिमी. एवढा पीळ रंध्याने काढायचा तर दोन्ही तोंडांवर मिळून हाताशी असलेल्यातला बराच माल तिथेच जातो.

"आधी लांबीला कापून घ्या. टेबल चार फुटाचं ना? मग साडेसहा फुटाचा पीळ कशाला काढता?"

पीळ लांबीच्या प्रमाणात वाटला जातो. चार फुटांना तीन मिमीच येतो. चार फूट दोन इंचावर खुणा करून कापल्या. डोक्याकडचे चिरलेले भाग आणि क्रमांक ३ ची सोड्याने काळी झालेली टोकंही त्यातच गेली. फळ्यांना कापायच्या आधी रंधा लावला असता तर नंतर फेकायच्या दोन फुटांवरही घाम गाळला असता.

मग रंधा. मी सरळ रेषेत मारायला गेले, काकांनी थांबवलं. आधी तिरका, रेषांना आडवा, पात्याला किंचित बाक दिलेल्या रंध्याने. त्याने उंच भाग लवकर खाली येतात आणि लाकूड उपटत नाही. फळीवर आधी पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढल्या. रंधा फिरला की उंचवट्यावरच्या रेघा जातात, खोलगट भागातल्या राहतात. किती राहिलं हे लाकूडच दाखवतं. एक बाजू सरळ झाली की त्या बाजूवर टेकवून दुसरी करायची.

पहिल्या फळीवर: चौकाकडची बाजू १.८ मिमी, आतली १.५ मिमी. शिल्लक २८.४.

काकांनी रंध्याखालची एक लांब सालपट उचलली, वास घेतला आणि खिशात ठेवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

क्रमांक ७ ची फळी सगळ्यांत रुंद, ११ इंच, आणि सगळ्यांत सुंदर. रेषा एकसारख्या आणि दाट, टोकाकडून मोजल्या तर एका इंचात १४ वर्तुळं. पण तिला आडवा बाक आहे, वाटीसारखा. मधे ४ मिमी. पोकळ बाजू सपाट करायला कडांवरून ४ मिमी काढायचे, उलट बाजूला मध्यावरून ४. ३२ ची फळी २८ वर येणार, आणि काजळी, पीळ, सगळं उरलेल्या सहा मिमीत भागवायचं.

मी ती बाजूला ठेवणार होते. काका म्हणाले, "मधून चिरा."

मला ते पटलं नाही, अशी रुंद फळी पुन्हा कुठे मिळणार. घरी गेल्यावर कागद घेतला. गोलाच्या कंसाची उंची रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रुंदी निम्मी केली तर बाक निम्मा होत नाही, पाव होतो. ४ चा १ मिमी. म्हणजे जाडीतले ४ मिमीऐवजी १ मिमीच जाईल. करवतीच्या तोंडात ३ मिमी रुंदी जाते एवढंच, आणि पुन्हा चिकटवल्यावर मधे एक सांधा. रेषा जुळवून चिकटवल्या तर तो शोधावा लागेल. काकांनी वर्ग-बिर्ग काही केलं नव्हतं, आयुष्यभर फळ्या चिरून त्यांना हे माहीत आहे.

आज चिरली. दोन तुकडे साडेपाच-साडेपाच इंचांचे. तासून झाल्यावर जाडी २९.१ आणि २९.३. मी बाजूला ठेवली असती ती फळी टेबलाच्या बरोबर मध्ये येणार आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुट्टी. सकाळी गोदाकाठी कपालेश्वराला जाऊन आले, मग काम.

क्रमांक ९ वर रंधा मारताना कट्कन आवाज. पात्याला दात पडला. लाकडात खिळ्याचा तुटका दांडा, पृष्ठभागाखाली, डोकं नसलेला. या जागेवर चुंबकाने त्या दिवशी काहीच दाखवलं नव्हतं. मी इथला निळसर काळा डाग पाहिला होता आणि गाठ समजून सोडून दिला होता. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, दोघांना ओल मिळाली की असाच निळा-काळा रंग होतो. गाठ तपकिरी असते, तिच्याभोवती रेषा वळतात. इथे रेषा सरळ जात होत्या, त्यावरूनच कळायला हवं होतं.

पात्याची धार दगडावर परत सरळ करायला दीड तास. नंतर सगळ्या फळ्यांवरचे निळे-काळे डाग शोधले. जिथे जिथे रेषा न वळता डाग होता तिथे बारीक ड्रिलने तपासलं. आणखी दोन दांडे निघाले. लाल खडूचे चारही आज काढले.

याच कारणासाठी एका वखारीत मशीनवर तासून घ्यायचा विचार सोडून दिला होता. मालकाने जुन्या लाकडाला मशीन लावायला साफ नकार दिला, आणि आज त्याचं म्हणणं पूर्ण पटलं.

२ मार्च, रविवार

सहा तुकडे तयार. ओळीने लावले आणि पोटात गोळा आला. रंग एकसारखा नाही. काही ठिकाणी हिरवट, काही ठिकाणी चॉकलेटी पट्टे, मधेच फिकट. एकाच वाड्यातलं लाकूड वाटेना. वाटलं, फार खोल गेले की अजून पुरेसं गेलेच नाही? पुन्हा एक मिमी काढायची तयारीही केली.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आता रंध्याला हात लावू नका. आठ दिवस उजेडात ठेवा, रोज पालथी करा. साग असाच निघतो. ऊन मिळालं की सगळं सारखं होतं."

गच्चीत ठेवल्या, थेट दुपारचं ऊन नाही, सकाळचं.

९ मार्च, रविवार

काकांचं म्हणणं खरं ठरलं. हिरवट भाग जवळजवळ गेला, सगळ्यांवर एक मधाळ तपकिरी छटा चढते आहे. तो एक मिमी वाचला.

दुपारी सराफ बाजारात काम होतं, म्हणून सरकारवाड्यात डोकावून आले. पेशवेकालीन लाकडी खांब तिथे अजून उभे आहेत. त्यांच्यावर कुणी रंधा मारलेला नाही, कोपरे गोल झालेले, हात लागतो त्या उंचीवर चकाकी आलेली. बराच वेळ उभी राहून बघितलं. घरी आल्यावर उंबरठा बाहेर काढला.

उंबरठ्याच्या मधे झिजून बशीसारखा खळगा आहे. तिथल्या रंध्रांमध्ये पिवळा आणि लाल रंग अडकला आहे, हळदकुंकवाचा. आजी रोज सकाळी लावायची, तिच्या आधी तिची सासू. आई शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याला रंधा लावू नकोस."

लावणार नाही. ओल्या फडक्याने पुसला, दोन खिळे काढले, बस. त्याचं काय करायचं ते पुढे.

पायऱ्यांचंही आजच ठरलं. पाचांपैकी एक टेबलाखाली पाय ठेवायची फळी होईल, खोलगट बाजू वर ठेवून. तिच्या खालच्या बाजूवर फक्त ०.८ मिमी रंधा फिरवला, बसवायला सपाट हवी म्हणून. वरचे सात मिमी वाचले.

१६ मार्च, रविवार

लोखंडाचे काळे डाग. रंध्याने काढायचे म्हटले तर काही ठिकाणी चार-पाच मिमी खोल आहेत. एका लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. फळीवर सगळीकडे लावायचं, नुसतं डागावर लावलं तर भोवती फिकट चंद्र उमटतो. अर्ध्या तासात काळा रंग राखाडी झाला, दुसऱ्यांदा लावल्यावर जवळजवळ गेला. मग भरपूर स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसून काढलं. नाहीतर वाळल्यावर राहिलेले स्फटिक पॉलिश पेपरने उडून नाका-घशात जातात.

सोड्याच्या फळीवर, क्रमांक ३ वर, उरलेला गडदपणाही यानेच बराच उतरला.

खिळ्यांच्या भोकांभोवतीची एक बारीक काळी कडा मुद्दाम ठेवली. ती काढायची तर भोक मोठं करावं लागतं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. भाचीला घेऊन तिवंध्याची रहाड (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जुना हौद) बघायला गेले, गर्दीत भिजून आलो. काम नाही. फळ्या वाळताहेत.

२३ मार्च, रविवार

चिकटवणं. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ताजी रंधलेली कड हवी. प्रत्येक कडेवर सकाळी एकदा रंधा, मग थिनरच्या फडक्याने पुसून लगेच फेव्हिकॉल. तेल पुन्हा वर यायच्या आत शिकंजे आवळायचे. काका मदतीला होते. सहा तुकडे, त्यात क्रमांक ७ चे दोन भाग मध्ये, शेजारी शेजारी, रेषा जशा होत्या तशा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकंजे काढले. मधला सांधा मला माहीत आहे म्हणून दिसतो.

सांध्यांवरचे उंचवटे काढायला रंधा नाही, काच आणि करवतीचं पातं. गाठींच्या आसपास रेषा उलटसुलट आहेत, तिथे रंध्याने लाकूड उपटलं असतं. शेवटी पॉलिश पेपर, ८०, १२०, १८० नंबर. सागाची धूळ अंगाला लागून माझ्या मनगटावर पुरळ आलं, तेव्हापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क न चुकता.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारल्यावर पहिला हात तेलाचा, डबल बॉइल्ड जवसाचं तेल. फडक्याने लावायचं, वीस मिनिटांनी सगळं जास्तीचं पुसून घ्यायचं. लाकूड एका क्षणात गडद आणि खोल झालं.

तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती अडकली तर आपोआप पेट घेतं. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, मग दोरीवर एकेक पसरून वाळवली.

१३ एप्रिल, रविवार

तेलाचे चार हात झाले, सात दिवस वाळलं. पाय आणि चौकट वाड्याच्याच आतल्या फळ्यांतून, खाच आणि कुसवाने जोडलेली, त्यात फारसं नोंदवण्यासारखं नाही.

वरच्या भागाची जाडी चार कोपऱ्यांवर आणि मध्ये: २६.२, २६.०, २६.३, २६.१, २६.४. ठरवले होते २२. चार मिमी हातात राहिले. पुढे कधी टेबलावर शाई सांडली, खरचटलं, तर दोन-तीनदा तासता येईल एवढी जाडी आहे.

संध्याकाळी भाची आली. खुर्ची ओढून बसली, पाय खाली ठेवले, आणि लगेच खाली वाकून बघितलं. "मावशी, इथे खड्डा आहे."

"तुझ्या पणजीचा जिना आहे तो."

तिने पायातली मोजडी काढली आणि पुन्हा पाय ठेवला.

शिल्लक माल: कडीपाटाच्या ४ फळ्या, अजून न तासलेल्या. दोन फुटांच्या आतले तुकडे १३. पायऱ्या ४. उंबरठा १. पावसाळ्याआधी सगळं पार्किंगमधून काढून माळ्यावर नेलं. जमिनीपासून वर, मधे मधे पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली आहे. चारही फळ्यांवर खडूने लिहिलं आहे: माती आणि खिळे काढलेले, रंधा मारलेला नाही.